पायथ्याचा सत्कार

"उतरा, उतरा, ताई, खाली उतरा," म्हणत चौघं जण रस्त्यात आडवे आले तेव्हा मला वाटलं, पुढं अपघात झालाय. दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक सरकलं, पडता पडता वाचले, आणि बघते तर रस्त्यावर आडवा दोर. दोराला झेंडूची फुलं बांधलेली. वर बांबूची कमान आणि कमानीवर कापडी फलक, 'महिला सायकलपटूंचे ग्रामस्थांतर्फे हार्दिक स्वागत'.

"काय झालंय?"

"काय न्हाई. सत्कार हाय," त्यातला एक हसत म्हणाला.

सत्कार. कुंभाळ घाटाच्या पायथ्याशी, भर शर्यतीत. या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली, अजून आठवलं की कानशिलं तापतात. खरी शर्यत तिथून सुरू होणार होती. पुढं सगळा चढ आणि माथ्यावर शेवटची रेघ. मी एकटी पुढं होते. माझ्या मागं मिरजेची फरीदा मुजावर, आणि बाकीच्या बायका तिच्याही एवढ्या मागं की नजरेत येत नव्हत्या. घाट चढण्यात फरीदा माझ्याहून सरस होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही. म्हणून मी आधीच्या टेकड्यांवर, उतारांवर, जिथं ती ब्रेकवर हात ठेवून उतरते तिथं, जीव मुठीत धरून पुढं निघाले होते. पंच मोकाशी मोटारसायकलवरून माझ्या सोबत होते. त्यांनी नुकतीच पाटी दाखवली होती, तीन मिनिटं वीस सेकंद. तेवढी आघाडी मला घाटात पुरणार होती.

पुरायलाच हवी होती. राज्याच्या संघात त्या वर्षी एकच जागा उरली होती आणि ती या शर्यतीतल्या पहिलीला मिळणार होती. पहिलीनं पुण्याला शिबिराला जायचं, दुसरीनं घरी. माझ्या घरी दुसरीसाठी काय वाढून ठेवलंय तेही ठरलं होतं. पुढच्या रविवारी निपाणीचे पाहुणे मला बघायला येणार होते. आईनं स्वच्छ सांगितलं होतं, "राजाक्का, संघात आलीस तर पाहुण्यांना थोपवते. न्हाईतर पुरे झाली सायकल. पोहे कर आणि गप बस." पोहेच होणार याची तिला खात्री होती. तिनं आदल्या दिवशी शेंगदाणे आणून ठेवले होते.

"दोर काढा," मी म्हणाले. "शर्यत चालू आहे."

"व्हय की, ठाऊक हाय आमास्नी." पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, खिशाला बिल्ला लावलेला एक माणूस पुढं आला. "मी विश्वासराव देसाई. सरपंचांचा मिस्टर. दोनच मिनिटं ताई, सगळी तयारी झालीया."

"पुरुषांची शर्यत मघाशी इथूनच गेली ना? त्यांना अडवलंत?"

"छ्या. त्यांना कशाला अडवू? गडी माणसं ती." त्याला माझा प्रश्नच खुळ्यासारखा वाटला. "आमच्या सरपंच बाईमाणूस. तवा म्हटलं, खास महिलांचा मान करायचा. तालुक्यात आजवर कुणी केला न्हाई."

मी मोकाशींकडं बघितलं. ते मोटारसायकल स्टँडला लावून घाईघाईनं येत होते. "अहो विश्वासराव, असं चालत नाही. नियमात बसत नाही हे," असं त्यांनी सुरू केलं खरं, पण वाक्य पुरं व्हायच्या आत एकानं मागून येऊन त्यांच्या डोक्यावर तयार गुलाबी फेटा ठेवला. "पंचसाहेबांचाबी सत्कार ठरलाय," विश्वासराव म्हणाला. मोकाशींनी फेटा काढून टाकायला हात वर नेला, चाचपला आणि नीट बसवला. मी बघतच राहिले. शर्टाची कॉलरही सारखी केली त्यांनी.

"सर," मी म्हणाले, "मी दोराखालून जाते."

"थांब जरा. वाद नको. माझ्या घड्याळात सगळं आहे, तू काळजी करू नकोस."

तेवढ्यात विश्वासरावाची म्हातारी आई औक्षणाचं ताट घेऊन माझ्यासमोर आली. हात थरथरत होते, निरांजन विझेल की काय असं वाटत होतं. तिच्याशी काय भांडणार? मी सायकलवरून उतरले. कुणीतरी लगेच सायकल माझ्या हातातून घेतली आणि आंब्याला टेकवून ठेवली.

"डोईचं ते काढ की बाय. कुकू कुठं लावू?"

मी हेल्मेट काढलं. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. मी वाकले, पाया पडले. आता झालं असेल म्हणून सायकलकडं वळले, तर दुसऱ्या एका बाईनं हात धरला. तिच्या हातात सूप, सुपात तांदूळ, खण आणि नारळ.

"थांब, ओटी भरती. घाट चढाय निघालेली लेक रिकाम्या ओटीनं लावून देत्यात व्हय?"

"मावशी, मला सायकल चालवायचीय. ओटी कुठं धरू?"

"झालंय का लगीन?" म्हातारीनं मध्येच विचारलं.

"नाही."

"मग ओटी न्हाई भरायची," म्हातारी त्या बाईला म्हणाली.

"भरली तर काय हुतंय? पोर लांबनं आलीया."

"कुवार पोरीची ओटी भरत्यात व्हय गं? तुझ्या माहेरात भरत असतील."

"माझ्या माहेरचं काढू नगासा."

झालं, दोघींची जुंपली. आणखी दोघी त्यात पडल्या. एक म्हणाली, नुसता नारळ द्या. दुसरी म्हणाली, लग्न लवकर जमावं म्हणून भरायलाच पाहिजे. मी मधोमध उभी. माझी आघाडी चाललीय आणि या बाया माझं लग्न झालेलं नाही यावर भांडतायत. मला ताट-सूप सगळं लाथाडावंसं वाटलं. तोंडापर्यंत शिव्या आल्या होत्या, आणि शिव्या मला चांगल्या येतात, गिरणीच्या आवारात वाढलेय मी. पण सगळ्याजणी इतक्या मायेनं बोलत होत्या की शिवी कुणाला घालू ते कळेना.

शेवटी नारळ दिला. मग शाल आली. पौषाची सकाळ होती, घाटातून धुकं उतरत होतं. अंगावरचा घाम गार व्हायला लागला होता. म्हातारीनं शाल खांद्यावर टाकली, माझ्या उघड्या पायांकडं बघितलं, शाल परत काढली आणि माझ्या कमरेला लुंगीसारखी गुंडाळली. "गारठ्यात उघड्या पायानं हिंडू ने, बाय," म्हणाली.

"आता सरपंच दोन शब्द बोलतील," विश्वासरावानं जाहीर केलं आणि स्वतःच बोलायला लागला. महिला आज चूल सोडून कशी पुढं आली आहे, हा मुद्दा होता. चूल सोडून पुढं आलेली मी तिथं नारळ धरून उभी होते. सरपंचबाई माझ्या शेजारी उभ्या. नवी जरीची साडी, चेहरा ओढलेला.

"त्यांना सांगा ना, मला जाऊ द्या," मी हळूच म्हणाले.

"माझं कोण ऐकतंय, पोरी," त्या तशाच समोर बघत म्हणाल्या. "मलाबी सकाळपास्नं हुबं केलंय."

आणि तेव्हा फरीदा आली.

मला तिच्या चाकांचा आवाज आधी ऐकू आला. तिनं दोर बघितला, कमान बघितली, मला बघितलं, नारळासकट. दोन माणसं हार घेऊन तिच्या दिशेनं धावली. फरीदा थांबलीच नाही. तिनं सायकल वळवली आणि कमानीच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरायला लागली. हलका गिअर, पाय भराभर. एक माणूस हार घेऊन तिच्या मागं धावला, "थांबा की ओ ताई, थांबा की." त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि दम लागून बाजूला झाला. म्हातारी ताट घेऊन वाट बघत होती. फरीदानं तिच्याजवळून जाताना एक हात कपाळाला लावून सलाम केला आणि परत फिरली. किती उद्धट बाई आहे, असं मनात आलं माझ्या.

"सर," फरीदा ओरडली. "हिची आघाडी किती होती?"

"तीन वीस," मोकाशी फेटा सावरत म्हणाले.

ती एक फेरी मारून आली. "मग हिला आधी सोडा. मी तीन वीस थांबून मग निघते. घड्याळ तुम्ही धरा."

मोकाशींचा जीव भांड्यात पडला. "बरोबर. हेच बरोबर. असंच करायचं." मग ते विश्वासरावावर खेकसले, पहिल्यांदाच. तोपर्यंत दोन शब्द संपत आले होते म्हणा. सरपंचबाईंनीच पुढं होऊन दोर सोडला.

मी शाल फेकली, नारळ सरपंचबाईंच्या हातात कोंबला, हेल्मेट चढवलं, सायकल घेतली. फरीदा अजून फिरतच होती. तिच्याकडं बघून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, "फरीदा, उपकार झाले गं."

"निघ तू," ती म्हणाली.

मी निघाले. पहिल्या वळणापर्यंत रागानंच नेलं मला. विश्वासराव, फेटा, ओटी, चूल, एकेका पेडलला एकेकाला मनात शिव्या घालत चढले. दुसऱ्या वळणावर उजव्या पोटरीत गोळा आला. बसून मारून बघितलं, उभं राहून मारून बघितलं. गिअर हलका केला. गोळा मांडीपर्यंत चढला. पाय माझे नव्हतेच, कुणाचे तरी आणून लावल्यासारखे वाटत होते. श्वास ठीक होता, छाती ठीक होती, आणि पाय ऐकत नव्हते. असं मला कधी झालं नव्हतं. मी तो घाट महिनाभर दिवसाआड चढले होते, प्रत्येक दगड ओळखत होते, आणि तरी घाट नवीनच वाटायला लागला.

मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं. निम्म्या घाटात बघितलं. खालच्या वळणावर फरीदाची लाल टोपी होती. त्याच्या पुढच्या वळणावर परत बघितलं, ती एक वळण जवळ आली होती. मोकाशी दोघींच्या मधे मोटारसायकलवर, डोक्यावर अजून गुलाबी फेटा. त्या फेट्याचा मला एवढा राग आला की तेवढ्या रागावर मी थोडी पुढं सरकले. पण राग काही सगळा घाट चढवत नाही.

शेवटच्या वळणावर ती माझ्या बरोबरीला आली. थोडा वेळ आम्ही खांद्याला खांदा लावून चढलो, मग ती पेडलवर उभी राहिली आणि गेली. मी रेघ ओलांडली तेव्हा तिच्या गळ्यात आधीच कुणीतरी हार घातला होता.

मी सायकलसकट गवतात आडवी झाले. आमचे प्रशिक्षक गवंडी सर जीपमधून आले तेच लाल होऊन. त्यांना खालीच सगळं कळलं होतं. ते थेट मुख्य पंचांच्या टेबलाशी गेले. "निकाल मान्य नाही. आमच्या मुलीला रस्त्यात अडवलं. सत्कार केला म्हणे. कसला सत्कार? अहो, भर मॅचमध्ये बॅट्समनला कुणी ओवाळतं का?"

मुख्य पंच शांत माणूस होता. त्यानं मोकाशींना बोलावलं, फेटा काढायला लावला, सगळं ऐकून घेतलं. मग मला बोलावलं. फरीदालाही. मी लंगडत गेले.

"हे बघ," तो मला म्हणाला. "अडथळा आला हे खरं आहे. तुझी आघाडी तुला पूर्ण परत मिळाली असेल तर शर्यत वैध, निकाल आहे तो कायम. मिळाली नसेल तर अडथळा आला तिथपर्यंतचाच निकाल धरतो. म्हणजे पायथ्याशी जी पुढं होती ती पहिली. आता सांग, तुझी तीन वीसची आघाडी तुला परत मिळाली का?"

गवंडी सर माझ्या मागं उभे होते. "नाही म्हण," ते पुटपुटले. "राजाक्का, नाही म्हण. फेटा घातलेल्या माणसाच्या घड्याळावर कोण विश्वास ठेवणार आहे?"

एक शब्द. पुण्याचं शिबिर, राज्याचा संघ, निपाणीचे पाहुणे रद्द, सगळं त्या एका शब्दावर. खोटं बोलायला मला काही वाटलं नसतं. मी काही धुतल्या तांदळाची नव्हे. पण मी तो निकाल डोळ्यांसमोर आणून बघितला. पहिली कुठं आली? तर त्या कमानीखाली. शाल लुंगीसारखी गुंडाळून, कपाळाला कुंकू लावून, लग्न झालं नाही म्हणून ओटी नाकारलेली, नारळ धरून उभी असलेली ती पहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घाट न चढता मला घाटाची शर्यत द्यायला निघाले होते, आणि तोही आणखी एक सत्कारच होता.

"मिळाली," मी म्हणाले. "तीन वीस पूर्ण मिळाले."

गवंडी सर पाठ फिरवून जीपकडं चालते झाले. मुख्य पंचानं कागदावर सही केली.

मी परत गवतात जाऊन बसले. पोटरी दाबत होते, गोळा जात नव्हता. फरीदा पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसली. तिनंच माझा पाय ओढून मांडीवर घेतला, अंगठ्यानं पोटरी रगडायला लागली.

"मला वाटलं, तू नाही म्हणशील," ती म्हणाली.

"म्हणायला पाहिजे होतं."

"मग तुला एक सांगते. नंतर मनात नको राहायला." ती रगडायची थांबली नाही. "खाली मी गोल फिरत होते ना, ते कशासाठी?"

"मला काय माहीत? सत्कार नको म्हणून."

"पाय गार पडू नयेत म्हणून. तू उतरून उभी होतीस, उघड्या पायांनी, एवढ्या गारठ्यात. तुझे पाय गार पडताना मला दिसत होते. तुला तीन वीस दिले तरी घाटात मी तुला धरणार, हे मला तिथंच कळलं होतं."

मी पाय ओढून घेतला. "म्हणजे मुद्दाम?"

"तीन वीस मी मनापासून दिले. ते तुझेच होते. बाकीचं मुद्दाम."

"आणि मी तुझे उपकार मानले."

"मानायला मी कुठं सांगितलं?"

"फरीदा, आता एक कानाखाली वाजवीन."

"वाजव," ती म्हणाली. "पण मी काय करायचं होतं, राजाक्का? मीही उतरून नारळ घ्यायचा? शर्यत होती की."

माझा हात खरंच वर गेला होता. तो तसाच राहिला. आठवून बघितलं तर सकाळपासून मला कुणी काय काय म्हणालं होतं. ताई, लेक, बाय, पोरी, महिला, आमची मुलगी. आणि शर्यत चालू आहे हे त्या अख्ख्या डोंगरात एकट्या या बाईच्या लक्षात होतं. माझ्याविरुद्ध का होईना, ती शर्यत खेळत होती. मी हात खाली घेतला. राग गेला नाही, उलट वाढला, पण तो आता तिच्यावर नव्हता.

"चोळ," मी म्हणाले आणि पाय परत तिच्या मांडीवर ठेवला.

रविवारी निपाणीचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. मामाच सगळं बोलत होते. मी पोहे दिले, समोरच्या खुर्चीवर बसले.

"सायकल चालवता म्हणे?" मामांनी विचारलं.

"चालवायची," आई स्वयंपाकघराच्या दारातून घाईनं म्हणाली. "हौस हुती. आता सोडली."

"सोडली नाही," मी म्हणाले. "शर्यती खेळते. परवा कुंभाळ घाटात दुसरी आले. पहिली आली तिचं नाव फरीदा मुजावर. पुढच्या पौषात तिला तिथंच हरवायचंय मला, तर तोपर्यंत रोज घाट. लग्नानंतरही रोज. चालेल का?"

मुलगा काहीतरी बोलणार होता, बिचारा, पण मामांनी त्याच्याकडं बघितलं. मग मामा छपराकडं बघत म्हणाले, "कळवतो आम्ही." आईनं दारातच पदर तोंडाला लावला. चौघंही पोहे अर्धे ठेवून उठले.

ते गेल्यावर आई उरलेले शेंगदाणे डब्यात भरायला लागली. मी चारी ताटल्या पुढ्यात ओढल्या आणि उरलेले सगळे पोहे खाल्ले. सकाळी पाहुणे यायच्या आधी घाट करून आले होते, भूक लागली होती.